पाणीवाली

१६ एप्रिल २०२५ च्या रात्री उशिरा दुबईहून माझ्या भाचीचा फोन आला. ती तिथल्या एका रुग्णालयात परिचारिका आहे आणि तिच्या घरात राहणाऱ्या बाकीच्या तिघी फिलिपिन्सच्या आहेत. "मामा, या पोरी संध्याकाळपासून रडतायत. त्यांच्याकडची कोणी नटी गेली म्हणे. तुला माहीत असेल," असे ती म्हणाली. घरात माझी ख्याती सिनेमावेडा मामा अशी असल्यामुळे जगातली प्रत्येक नटी मला ठाऊक असावी असा तिचा समज आहे. मला नोरा औनोर हे नाव माहीत नव्हते आणि नाही म्हणताना थोडी लाज वाटली, कारण ज्या बाईसाठी परदेशात बारा-बारा तासांची पाळी करून आलेल्या तीन मुली जेवण न करता बसून राहतात, तिच्याविषयी आपण निदान ऐकलेले तरी असायला हवे होते.

त्यानंतरचे कित्येक रविवार मी या बाईचे चित्रपट शोधून पाहण्यात घालवले. ऐंशी ओलांडलेली माझी आई शेजारच्या खुर्चीत बसून ते पाहायची. तिला ना तागालोग कळते, ना खालची इंग्रजी अक्षरे वाचता येतात. मी मधूनमधून मराठीत सांगायचो आणि पुष्कळदा ती "गप्प बस, कळतंय मला" म्हणायची. तेव्हा या लेखातली काही मते तिचीही आहेत.

नोराचा जन्म २१ मे १९५३ चा. फिलिपिन्सच्या लुझोन बेटाच्या आग्नेय टोकाकडे बिकोल नावाचा प्रदेश आहे, ज्वालामुखींचा आणि वादळांचा. त्यातल्या इरिगा या गावात व्हिल्यामायोर नावाच्या गरीब आणि मोठ्या कुटुंबात ती जन्मली. मनिलाहून दक्षिणेकडे जाणारी रेल्वे इरिगावरून जात असे, आणि लहानगी नोरा त्या स्टेशनवर गाडी थांबली की प्रवाशांना थंड पाणी आणि शेंगदाणे विकत असे. तिच्या चरित्रातला हा तपशील फिलिपिन्समध्ये शेंबड्या पोरालाही पाठ आहे. मी नाशिक रोडला राहतो. बाटलीबंद पाणी येण्याआधी फलाटावर पाण्याची भांडी घेऊन डब्याच्या खिडक्यांखालून धावणारी मुले मी पाहिलेली आहेत. त्यांना दोन मिनिटांत पाच-सहा खिडक्या गाठायच्या असत आणि गाडी सुटता सुटता पैसे बुडणार नाहीत हेही पाहायचे असे. अशा मुलांचा आवाज मोठा आणि नजर तीक्ष्ण होते. नोराच्या बाबतीत या दोन्ही गोष्टी पुढे उपयोगी पडल्या, पण आधी आवाज आणि मग पुष्कळ वर्षांनी नजर.

गाणे तिला आजीने शिकवले असे सांगतात. रेडिओवरच्या हौशी गायकांच्या स्पर्धांत ती उतरू लागली आणि औनोर हे आडनाव तिने घेतले ते ज्या मावशीने तिला हाताशी धरले तिच्या घरचे. 'तवाग नं तांघालान' ही त्या काळची देशभर ऐकली जाणारी गानस्पर्धा होती; तिथे ती आधी हरली, पुन्हा गेली, आणि १९६७ मध्ये, वयाच्या चौदाव्या वर्षी, महाविजेती ठरली. तिचा आवाज वयाच्या मानाने विलक्षण खालचा, भरदार आणि किंचित धुरकट होता. त्या काळातल्या तिच्या ध्वनिमुद्रिका ऐकताना मला सतत वाटत राहिले की ही मुलगी प्रेमगीत गात नसून कोणाला तरी दिलासा देत आहे. सत्तरच्या दशकाच्या आरंभी 'पर्ली शेल्स' या हवाईकडच्या गाण्याची तिची तबकडी इतकी खपली की फिलिपिन्सच्या सर्वाधिक खपाच्या तबकड्यांत आजही तिचे नाव घेतले जाते.

१९६७ मध्येच सांपागिता पिक्चर्स या मनिलाच्या जुन्या कंपनीने तिला करारबद्ध केले, पण सुरुवातीला भूमिका मिळत होत्या त्या बाजूला उभे राहून गाण्याच्या. याचे कारण तिचा रंग आणि तिची उंची. तीनशेहून अधिक वर्षे स्पेनची आणि मग जवळजवळ अर्धे शतक अमेरिकेची सत्ता भोगलेल्या त्या देशात पडद्यावरची नायिका गोरी, उंच, धारदार नाकाची, म्हणजे निम्म्या युरोपीय रक्ताची असावी असा अलिखित नियमच होता. नोरा सावळी, पाच फुटांच्या आतली आणि चारचौघींसारखी. पडद्यावर कोणाचा चेहरा चालतो आणि कोणाचा नाही हा प्रश्न आम्हा नाशिककरांना परका वाटू नये. त्र्यंबकेश्वरला जन्मलेल्या दादासाहेब फाळक्यांना पहिल्या चित्रपटाच्या वेळी बाई मिळेना म्हणून तारामतीचे काम साळुंक्यांकडून करून घ्यावे लागले, आणि त्याच वर्षी, १९१३ मध्ये, दुर्गाबाई कामत आणि त्यांची मुलगी कमलाबाई 'मोहिनी भस्मासुर'मध्ये उभ्या राहिल्या तेव्हा कुठे दार उघडले. आमच्याकडे बाईने यावे की नाही यावरून अडले होते; तिकडे बाया होत्या, अडले होते ते सावळ्या बाईवरून.

ते दार तिच्यासाठी निर्मात्यांनी उघडले नाही, घरकाम करणाऱ्या, कारखान्यांत जाणाऱ्या, भाजी विकणाऱ्या मुलींनी उघडले. तिर्सो क्रूझ तिसरा या गोऱ्यागोमट्या तरुण गायक-नटाबरोबर तिची जोडी जमली आणि १९७१ मध्ये त्या दोघांच्या टोपणनावांचाच चित्रपट आला, 'गाय अँड पिप'. तो महिनोन्महिने चालला. तिर्सोने तिला एक बाहुली भेट दिली होती. चाहत्यांनी त्या बाहुलीला त्या दोघांचे मूल मानले, तिला मारिया लिओनोरा तेरेसा असे नाव मिळाले आणि तिचे कपडे, तिची खुशाली हा सार्वजनिक विषय झाला. स्वतःला 'नोरानियन' म्हणवणाऱ्या या चाहत्यांची आणि तिची समकालीन विल्मा सांतोस हिच्या 'विल्मानियन' चाहत्यांची भांडणे हा स्वतंत्र प्रकरणाचा विषय आहे आणि तो मी सोडून देतो. एक गंमत मात्र सांगायला हवी. तिकडे थोरल्या बहिणीला 'आते' म्हणतात, त्यामुळे सगळा देश तिला 'आते गाय' म्हणत असे. हे ऐकून आई म्हणाली, "आत्याही आणि गायही, आता आणखी काय हवं?" पुढे मी तिला एकेरीतच 'ती' म्हणणार आहे, ते याच हक्काने; थोरल्या बहिणीला आमच्या घरी अहोजाहो करत नाहीत.

इथवरची गोष्ट लोकप्रिय गायिकेची आहे आणि ती इथेच संपली असती तर दुबईतल्या त्या मुली, ज्यांचा जन्म या सगळ्यानंतर पंचवीस-तीस वर्षांनी झाला, रडल्या नसत्या. १९७३ मध्ये, विशीत असताना, तिने एनव्ही प्रॉडक्शन्स ही स्वतःची निर्मितीसंस्था काढली. अध्यक्ष मार्कोस यांनी देशात लष्करी कायदा पुकारून जेमतेम वर्ष होत होते. गाण्याबजावण्याच्या चित्रपटांवर हमखास पैसा मिळत असताना या मुलीने १९७६ मध्ये मारियो ओहारा या दिग्दर्शकाला 'तात्लोंग ताओंग वालांग दियोस' बनवायला पैसे दिले. त्याचा अर्थ 'देव नसलेली तीन वर्षे'. ती तीन वर्षे दुसऱ्या महायुद्धातल्या जपानी ताब्याची. त्यात ती रोसारिओ नावाची गावची शिक्षिका झाली आहे, जिच्यावर शत्रूच्या सैन्यातला अधिकारी बलात्कार करतो आणि जी पुढे त्याच्याच मुलाची आई आणि त्याची बायको होते. युद्ध फिरल्यावर तिचा न्याय शत्रू करत नाही, तिच्याच गावचे लोक करतात. तो अधिकारी झालेला क्रिस्तोफर दे लिओन तेव्हा प्रत्यक्षात तिचा नवरा होता. हे लग्न पुढे मोडले. एक पोटचा मुलगा आणि चार दत्तक मुले तिने वाढवली.

त्याच वर्षी लुपिता आकिनो-कोन्सिओ यांच्या 'मिन्साय इसांग गामुगामो'मध्ये ती अमेरिकेला जाण्याची स्वप्ने पाहणारी परिचारिका झाली. अमेरिकन हवाई तळाच्या कुंपणाजवळ तिच्या भावाला एक सैनिक गोळी घालतो आणि रानडुक्कर समजून झाडली असे सांगतो. माझा भाऊ डुक्कर नव्हता, माणूस होता, असे ती ओरडते, तो प्रसंग तिकडे सगळ्यांच्या तोंडी आहे. देवळालीच्या फायरिंग रेंजवरून येणारे तोफांचे धुमधुम आवाज ऐकतच मी मोठा झालो आहे आणि त्या आवाजाची इतकी सवय झाली आहे की ते कधी थांबले तर चुकल्यासारखे वाटेल; पण कुंपणापलीकडचे सैन्य दुसऱ्याच देशाचे असले तर तोच आवाज कसा ऐकू येत असेल याचा विचार मी त्या रात्री पहिल्यांदा केला.

माझ्या लेखी तिच्या कारकिर्दीतले दोन चित्रपट बाकी सगळ्यांच्या वर आहेत आणि दोन्ही गर्दीबद्दल आहेत.

पहिला 'बोना', १९८० चा, दिग्दर्शक लिनो ब्रोका, निर्मिती नोराचीच. सुरुवात मनिलाच्या कियापो भागातल्या काळ्या येशूच्या मिरवणुकीने होते. अनवाणी माणसांचा लोट, दोराला हात लावायची धडपड, आणि त्यात कुठेतरी बोना. ती बऱ्या घरातली विद्यार्थिनी आहे. सिनेमात किरकोळ कामे करणाऱ्या गार्दो नावाच्या एका नटावर तिची भक्ती जडते, बापाचा मार खाऊन ती घर सोडते आणि झोपडपट्टीतल्या त्याच्या खोलीत राहून त्याची मोलकरीण होते. गार्दोला अंघोळीला गरम पाणी लागते. बोना सार्वजनिक नळावरून पाणी भरून आणते, तापवते, त्याच्या अंगावर घालते. तो दुसऱ्या बायका घरी आणतो तेव्हाही. आमच्या पंचवटीच्या जुन्या घरात तांब्याचा बंब होता आणि पहाटे तो पेटवायचे काम आयुष्यभर आईकडे होते. तिने हा चित्रपट पाहताना एकच प्रश्न विचारला: "एवढं पाणी तापवायला रॉकेल कोणाच्या पैशाचं?" समीक्षकांनी या चित्रपटावर पुष्कळ लिहिले आहे, पण याहून नेमके मी तरी काही वाचलेले नाही. शेवटी तो निर्विकारपणे सांगतो की तो एका पैसेवाल्या बाईबरोबर अमेरिकेला जाणार आहे, आणि त्या दिवशीचे पाणी बोना उकळते ठेवते आणि त्याच्या अंगावर ओतते. नोराच्या चेहऱ्यावर त्या क्षणी राग नसतो. ज्या माणसाने इतके दिवस फक्त स्वतःला फसवले त्याला ते एकदम कळावे, तसे काहीसे असते.

लक्षात घ्यायची गोष्ट अशी की देशातल्या सर्वांत वेड्या चाहत्यांची दैवत असलेल्या बाईने स्वतःच्या पैशाने चाहतीची ही भूमिका केली. आपल्या बाहुलीला कपडे शिवून पाठवणाऱ्या मुलींचे पुढे काय होते, घरी त्यांना काय ऐकून घ्यावे लागते, हे तिने पाहिलेले होते. 'बोना' १९८१ मध्ये कान महोत्सवाच्या 'डायरेक्टर्स फोर्टनाइट' विभागात दाखवला गेला, आणि २०२४ मध्ये त्याची दुरुस्त केलेली प्रत पुन्हा कानलाच, अभिजात चित्रपटांच्या विभागात.

दुसरा 'हिमाला', १९८२ चा. हिमालयाशी संबंध नाही. हिमाला म्हणजे चमत्कार. दिग्दर्शक इश्माएल बेर्नाल, लेखक रिकी ली. पैसा सरकारी संस्थेचा, म्हणजे मार्कोस राजवटीचाच, आणि तरीही असा चित्रपट निघाला, हे मला अजून नीट उलगडत नाही. कुपांग नावाचे गाव, वर्षानुवर्षांचा दुष्काळ, आणि एका महारोग्याला हाकलून दिल्यामुळे गावाला शाप लागल्याची समजूत. सूर्यग्रहणाच्या वेळी माळावर एल्सा नावाच्या मुलीला मेरीमातेची हाक ऐकू येते. ती रोगी बरे करू लागते. बातमी पसरते आणि गाड्या भरभरून माणसे येऊ लागतात.

इथे आई खुर्चीत सावरून बसली. सिंहस्थात पंचवटीतली घरे कशी उघडतात हे तिला कोणी सांगायला नको. आम्ही लहान असताना आमचीही ओसरी आणि माडी महिनाभर यात्रेकरूंना दिलेली असायची आणि आम्ही भावंडे स्वयंपाकघरात ओळीने झोपायचो. श्रद्धेचा आणि धंद्याचा व्यवहार एकाच उंबऱ्यावरून कसा चालतो, त्यात दोन्ही बाजूंची माणसे कशी सज्जनच असतात, आणि तरी सगळे मिळून काहीतरी हाताबाहेर कसे जाते, हे 'हिमाला'इतके अचूक मी पडद्यावर पाहिलेले नाही. गावात खानावळी निघतात, राहायच्या जागांना भाव येतो, शहरात धंदा केलेली एल्साची बालमैत्रीण परत येऊन नाचगाण्याचा अड्डा उघडते. शहरातून एक चित्रपटकार कॅमेरा घेऊन येतो आणि एल्सावर बलात्कार होताना मदतीला धावण्याऐवजी तो लपून चित्रण करत राहतो.

शेवटी पाऊस पडतो. लोक आनंदाने वेडे होतात, आणि त्याच लोकांना माळावर जमवून एल्सा सांगते की चमत्कार नसतो, मेरीमाता दिसलीच नाही, देव आणि शाप दोन्ही आपणच घडवतो. वाक्ये आठ-दहाच आहेत. गर्दीतून गोळी येते. त्या प्रसंगासाठी उत्तरेकडच्या इलोकोस नोर्ते प्रांतात तीन हजारांच्या आसपास माणसे जमवली होती. मग धावाधाव, चेंगराचेंगरी, आणि डोक्यांवरून हातोहात पुढे नेला जाणारा तो लहानसा पांढरा देह. २००३ च्या सिंहस्थात सरदार चौकाकडच्या उतारावर जी चेंगराचेंगरी झाली त्या दिवशी मी गावात होतो. म्हणून ही पाच मिनिटे मी एकदाच पाहू शकलो.

नोराचा अभिनय या चित्रपटात जवळजवळ पूर्ण डोळ्यांत आहे. ती पापणी लववत नाही, हात हलवत नाही, आवाज चढवत नाही. शेवटच्या भाषणापर्यंत तिची सगळी वाक्ये मोजली तर एखाद्या सहनायिकेइतकीही भरणार नाहीत. गाण्याने मोठी झालेली बाई गप्प राहून सगळ्यांत मोठी झाली. १९८३ च्या बर्लिन महोत्सवात 'हिमाला' स्पर्धेत होता, आणि २००८ मध्ये सीएनएनने घेतलेल्या प्रेक्षकांच्या मतदानात आशिया-प्रशांत विभागातला सार्वकालिक सर्वोत्तम चित्रपट म्हणून त्याची निवड झाली.

पुढची वर्षे मी भराभर सांगतो. १९९५ च्या मार्चमध्ये सिंगापूरला फ्लोर कोन्तेम्प्लासिओन या फिलिपिनो मोलकरणीला खुनाच्या आरोपावरून फाशी दिली गेली आणि फिलिपिन्स पेटून उठला; त्याच वर्षी जोएल लामांगान यांच्या चित्रपटात नोराने तिची भूमिका केली आणि कैरो महोत्सवात सर्वोत्तम अभिनेत्रीचा पुरस्कार मिळवला. मुलांना घरी ठेवून परदेशात दुसऱ्यांची मुले सांभाळणाऱ्या लाखो बायांना ही आपली वाटली याचे आश्चर्य नाही. राजकारणात मात्र तिला यश आले नाही. २००१ मध्ये आपल्याच प्रांताच्या गव्हर्नरपदाची निवडणूक ती हरली, तर विल्मा सांतोस आधी महापौर आणि मग गव्हर्नर झाली. तिकिटाच्या रांगेतले लोक मतदानाच्या रांगेतही आपलेच असतील असे धरून चालू नये, हे आपल्याकडच्या काही नटांनाही महागात पडून कळले आहे.

मग अमेरिका. २००५ मध्ये लॉस एंजेलिसच्या विमानतळावर अमली पदार्थांच्या प्रकरणात तिला अटक झाली. ते प्रकरण पुढे मिटले, पण चिकटून राहिले. २०१० मध्ये जपानात करून घेतलेल्या सौंदर्योपचारात काहीतरी बिघडले आणि तिचा गाता आवाज गेला. ज्या सावळ्या, साध्या चेहऱ्याने एका देशाची सौंदर्याची व्याख्या बदलली त्याच चेहऱ्यावर उपचार करून घ्यावा असे तिला का वाटावे, हा प्रश्न मी स्वतःला पुष्कळदा विचारला आणि मग सोडून दिला. पडद्यावर म्हातारे होण्याची मुभा कुठल्याच देशाने बायकांना फारशी दिलेली नाही.

२०११ मध्ये ती परतली आणि पुढच्याच वर्षी ब्रियांते मेंदोसा यांचा 'दाय वूम' व्हेनिसच्या स्पर्धेत गेला. दक्षिणेकडच्या तावी-तावी बेटांवर, समुद्रात खांबांवर उभ्या असलेल्या घरांत राहणाऱ्या बाजाउ लोकांतली ती सुईण आहे. कितीतरी बाळे तिच्या हातांत जन्मली, तिची स्वतःची कूस उजवली नाही, म्हणून ती नवऱ्यासाठी दुसरी बायको शोधायला निघते. २०१३ मध्ये हाँगकाँगला आशियाई चित्रपट पुरस्कारांत या भूमिकेसाठी ती सर्वोत्तम अभिनेत्री ठरली. २०१५ च्या 'ताक्लुब'मध्ये ती २०१३ च्या महावादळात मुले हरवलेली ताक्लोबान शहरातली आई होती.

राष्ट्रीय कलावंत हा तिकडचा सर्वोच्च सन्मान. २०१४ मध्ये तिचे नाव पुढे आले असताना अध्यक्ष आकिनो यांनी त्या जुन्या अटकेचे कारण देऊन ते वगळले. अखेर २०२२ मध्ये तो मिळाला, 'हिमाला'चे लेखक रिकी ली यांच्याबरोबर एकाच यादीत. मला तो आठ वर्षांचा उशीर क्षुद्रपणाचा वाटतो. ती ७१ वर्षांची होऊन गेली आणि मनिलाच्या वीरांच्या स्मशानभूमीत सरकारी इतमामाने तिचे दफन झाले. भाचीच्या घरातली एक मुलगी बिकोलचीच निघाली. तिच्या आजीने नोराची तबकडी फुटली तरी टाकली नव्हती, भिंतीवर लावून ठेवली होती, असे ती सांगते.

'हिमाला' पाहून झाल्यावर आई काही बोलली नाही, उठून देवापाशी दिवा लावायला गेली. पुढच्या रविवारी मी मुद्दाम दुसरेच काहीतरी, हलकेफुलके, लावायला घेतले तर तिने थांबवले. "त्या पाणीवालीचा अजून एखादा राहिला असेल ना?" मग मी तो समुद्रावरच्या सुईणीचा लावला, आणि पहिलेच बाळंतपण पडद्यावर सुरू झाले तेव्हा आईने मला पाणी आणायला पाठवले आणि परत आलो तेव्हा ती खुर्ची आणखी पुढे ओढून बसली होती.